लेबल नसलेली बरणी

प्रश्न : नेमबाजी सुरू करून तीन वर्षं झाली. रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शनची. खेळ फक्त कागदी लक्ष्यावर, १०० ते ३०० मीटर. आता काडतुसं घरी भरायची ठरवली आहेत. परवाना, कायदा सगळं पाहून झालं. प्रेस आली, डाय आले, १६८ ग्रेन वजनाच्या गोळ्या आणल्या, रिकाम्या पुंगळ्या जमवलेल्या आहेतच. पावडरपाशी मात्र घोडं अडलंय. जो तो वेगळं नाव सांगतो. माझे थोरले मेहुणे पूर्वी रिलोडिंग करायचे. ते म्हणतात, 'माझ्याकडे अर्धी बरणी पडून आहे. लेबल गेलंय, पण ४८९५ असावी, नाहीतर ४३५०. तीच वापर, आणि माझा जुना तराजूही घेऊन जा.' क्लबातला एक जण म्हणतो, पिस्तुलाची पावडर निम्मीसुद्धा लागत नाही, पैसे वाचतील. शिवाय माझा खांदा दुखरा आहे, धक्का कमी बसला तर बरं. कुठलीही पावडर घेऊन जरा कमी भरली तर चालेल ना? नवशिक्याने नेमकी कोणती घ्यावी?
— दुखऱ्या खांद्याचा नेमबाज

उत्तर : आधी त्या बरणीचं बोलू. ती वापरायची नाही.

मेहुण्यांचा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या वाक्यातला 'असावी' हा शब्द मला झोप येऊ देणार नाही. पावडर डोळ्यांनी ओळखता येत नाही. हाताशी असलेल्या पावडरींपैकी निदान डझनभर अशा आहेत की त्या शेजारी शेजारी ओतल्या, तर वीस वर्षं हेच काम करणारा माणूसही कोणती कुठली ते सांगू शकणार नाही. सगळ्या करड्या, सगळ्यांवर ग्राफाइटची चमक, सगळ्यांचे दाणे बारीक कापलेल्या पेन्सिलीच्या शिशासारखे. ४३५० ही ४८९५पेक्षा सावकाश जळणारी आहे, त्यामुळे एकाच पुंगळीत तिचं माप जास्त असतं. तुम्ही ४३५० समजून तिच्या मापाने भरलं आणि बरणीत निघाली ४८९५, तर पहिल्याच बाराला दाब मर्यादेच्या पार जाईल. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकेतल्या सामी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने नेमून दिलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ असतो. आणि हा सगळा कारभार तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर चालतो.

बरं, आकडा खात्रीने आठवला तरी काम भागत नाही. ४८९५ म्हणजे कोणाची ४८९५? हॉजडनची 'एच ४८९५' वेगळी आणि 'आयएमआर ४८९५' वेगळी. आयएमआर ही अक्षरं 'इम्प्रूव्ह्ड मिलिटरी रायफल' यांची आहेत, ती मालिका मूळची ड्युपाँटची. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडे उरलेली ४८९५ विकत घेऊन ब्रूस हॉजडन यांनी ती हौशी नेमबाजांना विकायला सुरुवात केली, तिथून त्यांच्या नावाचा व्यवसाय उभा राहिला. पुढे २००३ मध्ये आयएमआर हे नावही हॉजडन कंपनीकडेच आलं. म्हणजे आज दोन्ही बरण्या एकच कंपनी विकते, तरी आतल्या पावडरी दोन आणि त्यांची मापं दोन. ४३५०च्या तर एच, आयएमआर आणि अ‍ॅक्युरेट अशा तीन. ४८३१मध्ये आयएमआरची एचपेक्षा लवकर जळते. आकडा सारखा म्हणजे पावडर सारखी, या समजुतीने बरेच हात पोळलेत. दुकानात जाताना अक्षर आणि आकडा दोन्ही कागदावर लिहून न्या, आणि बरणी हातात घेतल्यावर पुन्हा वाचा.

जुन्या पावडरीचा आणखी एक दोष असतो. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटन पावतं. त्याला आवर घालायला डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक मिसळलेलं असतं, पण तेही कधीतरी संपतं. मग झाकण उघडल्यावर आंबट, नाकात झोंबणारा वास येतो, दाण्यांवर विटकरी धूळ दिसते, कधी तांबूस वाफही. चांगल्या पावडरीला साधारण ईथरसारखा हलका वास असतो. मेहुण्यांच्या बरणीला काय वास येतो ते मला माहीत नाही आणि तुम्हीही हुंगत बसू नका. तिची विल्हेवाट कशी लावायची ते तुमच्याकडच्या अग्निशमन खात्याला विचारा. कचऱ्याच्या डब्यात नको, शेकोटीत तर मुळीच नको.

आता पिस्तुलाच्या पावडरीकडे येऊ. क्लबातल्या मित्राचा हिशेब पैशाचा आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबरही आहे. पण पावडर फुटत नाही, ती जळते, आणि किती वेगाने जळते यावरच सगळं ठरतं. वाळलेल्या गवताची पेंढी आणि बाभळीचा ओंडका यांचं वजन सारखं घेतलं तरी जाळ सारखा होत नाही. गवत भसकन पेटतं आणि संपतं. पिस्तुलाची गोळी जाडीच्या मानाने हलकी, नळी आखूड, तिथे गवतच लागतं. रायफलची गोळी जाडीच्या मानाने जड असते, जागची हलायला वेळ घेते. तोवर सगळा जाळ एकदम झाला तर वायूला पसरायला जागाच नसते, आणि दाब सुईच्या टोकासारखा वर चढतो. सावकाश पावडरीत गोळी नळीतून पुढे सरकत असते, मागची जागा वाढत असते, आणि पावडर त्या वाढत्या जागेत वायू भरत राहते. गोळीला धपाटा बसत नाही, रेटा मिळतो.

हा रेटा मिळवण्यासाठी दाण्यांवर केलेली कारागिरी मला आजही थक्क करते. लांबट दाण्याच्या मधून आरपार भोक असतं. दाणा बाहेरून जळत लहान होत जातो, त्याच वेळी भोक आतून जळत मोठं होत जातं. बाहेरचा पृष्ठभाग घटला, आतला वाढला, बेरीज जवळपास तेवढीच. म्हणून वायू एकसारखा निघत राहतो. वर मंदकाचा मुलामा असतो, त्यामुळे सुरुवातीचा जाळ मुद्दाम मंद ठेवला जातो. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूरविरहित रायफल पावडर केली, तेव्हापासून हा सगळा खेळ दाण्याच्या आकाराचा झाला. त्याआधीची काळी दारू शिंगातून मापटं भरून ठासणीच्या बंदुकीत ओतायचे, चिमूटभर इकडेतिकडे झाली तरी निभायचं. त्या सवयीने नवी पावडर ठासणाऱ्यांनी जुन्या नळ्या फोडून घेतल्या. आपल्याकडे अजूनही 'दारू' एकच, असा भाव बोलण्यात डोकावतो. (दारूच्या बाबतीत तो दोन्ही अर्थांनी चुकीचा आहे.)

पिस्तुलाच्या पावडरीत दुसरीही मेख आहे, आणि नवशिक्याच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. माप इतकं थोडं की पुंगळी बरीचशी रिकामी राहते. लक्ष विचलित झालं, एकाच पुंगळीत दोनदा ओतलं, तरी ती वरून बघितल्यावर तशीच दिसते. रायफलच्या योग्य पावडरीने .३०८ची पुंगळी मानेपर्यंत येते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती टेबलावर सांडते. सांडलेली पावडर झाडून घेता येते.

म्हणून माझी पहिली चाळणी हीच : पुंगळी भरभरून दिसायला हवी. दाबून भरावी लागणारीही नको आणि तळाशी खडखडणारीही नको.

दुसरी चाळणी तुमच्या टेबलावरच आहे, किंवा असायला हवी. लोक पावडरीचं नाव आधी ठरवतात आणि मग तिचं माप शोधत फिरतात. उलट चला. तुमच्याकडे गोळ्या आहेत ना, त्या बनवणाऱ्या कंपनीचं चालू आवृत्तीचं रिलोडिंग मॅन्युअल घ्या, .३०८ विंचेस्टरचं पान काढा, त्यात १६८ ग्रेनचा रकाना बघा. त्या रकान्यात नसलेली पावडर तुमच्यासाठी जगात नाही. मग पावडर कंपनीचा तक्ता उघडा आणि दोन्हीकडे असलेली नावं खुणा करून ठेवा. पंधरा नावांची चार-पाच होतील. कोण कोणापेक्षा जलद हे दाखवणाऱ्या उतरंडीच्या याद्या मिळतात, त्या ढोबळ ओळखीपुरत्याच वाचा. त्यात शेजारी असलेल्या दोन पावडरींची मापं अदलाबदल करता येतात असं समजू नका. ती यादी क्रम सांगते, अंतर सांगत नाही.

एक सर्वसाधारण कल सांगतो, म्हणजे रकान्यातली नावं तिथे का आहेत ते कळेल. पुंगळी मोठी आणि नळी अरुंद, तर पावडर सावकाश. गोळी जड, तरी सावकाश. .३०८ मध्यम पुंगळीची आणि तुमची गोळी मध्यम वजनाची, म्हणून पावडरही मधल्या वेगाची. तुमच्या चाळणीतून बहुधा व्हारगेट, आयएमआर ४०६४, आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ ही नावं उरतील. नळी आखूड असेल तर जलद पावडर घ्यावी असंही कोणीतरी सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी पावडर सहसा आखूड नळीतही पुढेच असते.

आता दाण्याचा आकार. गोल दाण्याची, म्हणजे बॉल पावडर मापयंत्रातून पाण्यासारखी वाहते, प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच पडते. लांबट दाण्याची अडते, मापयंत्राच्या कडेला दाणा कापला जाताना 'कर्र' असं हातालाच जाणवतं, आणि माप थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून बरेच जण नवशिक्याला बॉल पावडर सुचवतात. मला ते पटत नाही. तुम्ही तासाला पाचशे काडतुसं काढणार नाही आहात. एका बसणीत चाळीस-पन्नास. प्रत्येक माप तराजूवर टाका, चिमटीने दोन दाणे वाढवा, दोन काढा. सुरुवातीला हा उशीरच तुमचा राखणदार आहे. शिवाय बऱ्याच बॉल पावडरींवर हवेच्या तापमानाचा परिणाम जास्त होतो. थंड पहाटे ठरवलेलं माप भर दुपारी, तापलेल्या नळीत, जास्त दाब देऊ शकतं. व्हारगेट आणि एच ४८९५ या दोन्ही तापमानाला फारशा न बधणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. (व्हारगेट हे नाव 'व्हार्मिंट' आणि 'टार्गेट' या दोन शब्दांची मोडतोड करून केलंय. नावापेक्षा पावडर बरी आहे.)

आता तुमचा खांदा. 'कुठलीही पावडर जरा कमी भरली तर' या वाक्यावर मी लाल पेन्सिल फिरवतो. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, सुरुवातीचं माप आणि कमाल माप. वरचा आकडा ओलांडू नये हे सगळे सांगतात, खालच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. सावकाश जळणारी पावडर मोठ्या पुंगळीत फार कमी भरली तर ती आडवी पसरते, नीट पेट घेत नाही. कधी गोळी नळीतच अडकते. आणि क्वचित उलटंच होतं : दाब अचानक भडकतो आणि रायफल फुटते. अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. अडकलेल्या गोळीमागे दुसरा बार काढला तर काय होईल ते सांगायला नको.

पण कमी धक्क्याची वाट बंद नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. एच ४८९५ ही मोजक्या पावडरींपैकी एक आहे जिच्याबाबत कंपनीनेच कमी मापाची सोय सांगून ठेवली आहे. हॉजडनच्या तक्त्यातल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत ती खाली आणता येते. हे तिच्यापुरतंच. आयएमआर ४८९५ला हा हिशेब लावू नका. दुखरा खांदा, १०० मीटरचं कागदी लक्ष्य, आणि पुढे कधी ३०० मीटरला पूर्ण जोराचं काडतूस भरायची इच्छा, हे सगळं एका बरणीत बसतं. म्हणून तुम्ही एच ४८९५ घ्या. ती मिळाली नाही तर व्हारगेट, पण मग सुरुवातीच्या मापाच्या खाली जायचं नाही. धक्क्यासाठी रायफलच्या दस्त्याला जाड रबरी पॅड बसवून घ्या, किंवा हलक्या गोळ्या आणा आणि त्यांचा रकाना नव्याने उघडा.

अमुक पावडर सर्वात अचूक, असं तावातावाने सांगणारे भेटतील. असेलही, त्यांच्या रायफलीत. तुमच्या हातून सध्या जी गोळी इकडेतिकडे जाते, तिचं कारण पावडर नसून श्वास आणि चाप आहे. वर्षभर एकच पावडर, एकच गोळी, एकच प्राइमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) ठेवा. तिन्ही बदलत राहिलात तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. प्राइमरही मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घ्या. मॅग्नम प्राइमर 'जास्त चांगला' नसतो, तो जास्त तापट असतो.

घेताना शक्य असेल तर एकाच लॉटच्या दोन बरण्या घ्या. कंपन्या लॉट जुळवून घेतात, तरी थोडा फरक राहतो. नवा लॉट आला की मापाची पायरी पुन्हा खालून चढायची.

माप किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, हे बरं केलंत. मी सांगणारही नव्हतो. तो आकडा छापील तक्त्यातूनच घ्यायचा, माझ्यासारख्याच्या तोंडून नव्हे. सुरुवातीच्या मापाची पाच काडतुसं भरा, मग अर्धा ग्रेन वाढवून पाच, मग आणखी पाच, आणि प्रत्येक गट वेगळ्या चिठ्ठीसह ठेवा. खालच्या मापापासून झाडत वर या. बोल्ट उचलायला जड गेला, प्राइमर सपाट चेपला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत डाग उमटला, की तिथेच थांबा आणि उरलेली घरी नेऊन उकला. ही चिन्हं उशिरा दिसतात. ती दिसली नाहीत म्हणजे दाब योग्यच आहे असं नाही. क्लबात वेगमापक यंत्र असेल तर वापरा. मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा वेग बराच जास्त दाखवत असेल तर तो फुकटात आलेला नाही, दाबातून आलाय.

टेबलावर एका वेळी एकच बरणी ठेवायची. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा मापयंत्रात आदल्या दिवशीची पावडर तशीच राहिली होती, मी वरून दुसरी ओतली. चौतीस काडतुसं भरून झाल्यावर लक्षात आलं, कारण दाणे तळाशी जरा आखूड दिसले. ती सगळी एकेक करून उकलायला पूर्ण रविवार गेला. दोन्ही पावडरी मिसळल्या गेल्याने पावभर माल वाया गेला आणि गोळ्यांवर पक्कडीचे वळ उमटले. तेव्हापासून काम संपलं की मापयंत्र रिकामं करतो, पावडर तिच्याच मूळ बरणीत परत जाते, झाकण लागतं, बरणी थंड कोरड्या कपाटात. दुसऱ्या डब्यात कधीच नाही. मेहुण्यांची बरणीही कदाचित अशाच कुठल्यातरी रविवारी बिनलेबलाची झाली असेल.

त्यांचा तराजू मात्र नक्की घ्या. जुना दांडीचा तराजू बॅटरी मागत नाही, पंख्याच्या वाऱ्यात भटकत नाही असं नाही, पण पंखा बंद केला की प्रामाणिक वागतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक बटण चुकून दाबलं की ग्रेनचे ग्रॅम होतात. तुमची १६८ ग्रेनची गोळी त्यावर १०.९ दिसली तर घाबरू नका, एकक बदललंय एवढंच. दांडीच्या तराजूत ती भानगड नाही. दांडी जिच्यावर तोलली जाते त्या सुरी-धारेवरची धूळ मऊ ब्रशने झाडा, तेल लावू नका, सपाट जागी ठेवून शून्य जुळवा आणि प्रमाणित वजनं टाकून तपासा. नवी वजनं मिळेपर्यंत तुमच्या १६८ ग्रेनच्या चार-पाच गोळ्या एकेक करून टाकून बघा. त्या सगळ्या १६८च्या आसपास भरल्या तर दांडी ठीक आहे. एखादी १६८ आणि दुसरी १६३ आली, तर गोळ्यांना दोष देण्याआधी सुरी-धार पुन्हा पुसा.